पुढे नेणारी आडवाट

चालायला लागलेलं मूल एक नियम कायमचा शिकतं. पायानं जमीन मागे ढकलायची, की आपण पुढे जातो. हा नियम त्याला कोणी सांगत नाही, पण पुढे धावताना, जिना चढताना, सुटलेली लोकल पकडताना जन्मभर तेवढाच एक नियम पुरतो. एका ओळीत चाकं बसवलेले बूट, म्हणजे इनलाइन स्केट्स, पायात चढवले की मात्र तो रद्द होतो. जमीन मागे ढकलायला जावं तर चाक मागे घरंगळतं, पाय मागे जातो आणि अंग पुढे जायचं सोडून कोलमडतं. धावण्यात पटाईत असलेली मुलं या खेळात सुरुवातीला अडखळतात ती याचमुळे. त्यांच्या पायांना जे उत्तम येतं, तेच इथे आधी विसरावं लागतं.

मग पुढे जायचं कसं? तर बाजूला ढकलून. लिंबाची बी चिमटीत धरून दाबून पाहा. आपण दाबतो दोन्ही बाजूंनी आणि बी उडते समोर. स्केटिंगचं मर्म जवळपास हेच आहे. चाक आपल्या दिशेनं घरंगळतं, पण आडव्या दिशेनं ते रस्त्याला घट्ट धरून राहतं. म्हणून जोर लावायचा तो चाकाशी काटकोनात. स्केट चालीच्या दिशेला किंचित तिरपा ठेवलेला असतो, त्यामुळे त्या आडव्या जोरातला काही हिस्सा शरीराला पुढे नेतो आणि वाट जराशी नागमोडी होते. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं आपल्याकडे केवढं कौतुक! इथे नाकासमोर जायचं तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असंच जावं लागतं.

ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक खेरिट यान फान इंगेन स्खेनाउ यांनी १९८० च्या दशकात बर्फावरच्या स्केटिंगचा अभ्यास करून यामागचं गणित उलगडून दाखवलं. धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा तो जमिनीशी क्षणभर स्थिर असतो. म्हणजे शरीर जितक्या वेगानं पुढे जातं, तितक्याच वेगानं पायाला मागे जावं लागतं, आणि त्याला स्नायूंची मर्यादा आहे. स्केटरचा पाय मात्र ढकलतानाही पुढे घरंगळतच असतो. त्याला स्वतःच्याच वेगाशी शर्यत लावावी लागत नाही. बर्फावरच्या पात्याला जे लागू, तेच रस्त्यावरच्या चाकालाही.

या सगळ्यात मी पडलो तो नातीमुळे. ती अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं स्केटिंग करते. गेल्या वर्षी एका शर्यतीत ती तिच्या गटात शेवटून पहिली आली आणि रात्री जेवताना म्हणाली, ‘मला उद्यापासून जायचं नाही.’ घरात लगेच दोन पक्ष पडले. लेकीचं म्हणणं, सोडू दे, आता सहावीचा अभ्यास आहे. जावयांचं निदान असं, की पहिल्या आलेल्या मुलीची चाकं मोठी होती, तशी आणली की प्रश्न सुटेल. त्यांनी चौकशीही केली होती. कार्बनचे बूट, फ्रेम, चाकं, बेअरिंग हे सगळं मिळून होणारा आकडा ऐकून मी नुसता पानाचा डबा जवळ ओढला. बोलून उपयोग नव्हता. नातवंडांच्या बाबतीत आजोबांना मताचा अधिकार असतो, नकाराधिकार नसतो.

निकाल लागला तो तिच्या नव्या प्रशिक्षकांमुळे. चाळिशीतले गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी तिच्या दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘काका, ही स्केटिंग करतच नाहीये. ही चाकांवर धावतेय.’ मग तिला जवळ बोलावून म्हणाले, ‘तीन महिने शर्यत नाही. नवीन चाकं नाहीत. चालेल?’ शर्यत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जो सैल झाला, तो मला अजून आठवतो. मुलीचा राग खेळावर नव्हता, दर वेळी हरण्यावर होता.

त्या तीन महिन्यांत मी बहुतेक रोज सकाळी कठड्यावर बसून होतो. निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते.

पहिलं काम होतं बसण्याचं. वेगाच्या स्केटिंगमध्ये उभं राहायचंच नसतं. मांडी आणि पोटरी यांच्यात साधारण काटकोन होईल किंवा त्याहून थोडा मोठा कोन राहील, इतकं गुडघ्यात वाकायचं, घोट्यातूनही वाकायचं, पाठ गोलसर ठेवून जमिनीला जवळजवळ समांतर आणायची. आपल्या घरातून पाट गेले, उकिडवं बसणं गेलं, त्यामुळे आजच्या मुलांना हे अवघड जातं, असं माझं आपलं मत. याचे फायदे दोन. वाकल्यानं वारा कमी अडतो, हा सगळ्यांना दिसणारा. दुसरा अधिक मोलाचा. वाकलेला पाय सरळ होईपर्यंत जेवढं अंतर जातं, तेवढ्याच अंतरात जोर लावता येतो. जी मुलगी आधीच ताठ उभी आहे, तिच्या पायात सरळ व्हायला शिल्लकच काय राहिली? मग ती भराभर, तोकडे रट्टे मारते. पाय खूप हलतात, घाम खूप येतो, रस्ता मात्र सरकत नाही.

दुसरं काम एका पायावर राहण्याचं. ज्या पायावर भार आहे त्याचा अंगठा, त्याचा गुडघा आणि नाक ही तिन्ही एका उभ्या रेषेत आली पाहिजेत, असं सर सांगत. हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. नवशिक्याचं वजन दोन पायांच्या मधोमध राहतं, कारण तिथे पडण्याची भीती कमी. पण मधोमध राहिलेलं वजन कुठल्याच पायाच्या कामाला येत नाही. खरा रेटा केवळ मांडीच्या ताकदीचा नसतो. शरीर आधी त्या पायावर पुरतं टेकवायचं, मग ते किंचित आतल्या बाजूला पडू द्यायचं आणि पडता पडता पाय बाहेर लांबवायचा. वजन स्वतःच काम करतं. या पडण्याला मुलं घाबरतात आणि पाय आधीच खाली टेकतात. नातही टेकत असे. अर्धवट रेटा, दोन्ही पाय जमिनीवर, पुन्हा अर्धवट रेटा.

रेटा संपतानाही एक चोरवाट असते. शेवटी चवड्यानं मागे एक झटका द्यावासा वाटतो. तो धावण्याचा जुना संस्कार. त्या झटक्यानं पोटरी दुखते आणि पदरात काही पडत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते बुडीत कर्ज. सर म्हणत, टाचेनं ढकल, चारही चाकं शेवटपर्यंत जमिनीवर राहू देत. मग मोकळा झालेला पाय मागून अर्धगोल फिरवत आणायचा, गुडघा गुडघ्याजवळ, आणि अंगाच्या बरोबर खाली टेकवायचा. टेकवताना चाकाची बाहेरची कड आधी लागली पाहिजे. पाय अंगापासून लांब टेकला, तर तिथून बाहेर ढकलायला जागाच उरत नाही.

माझी हयात नोटा मोजण्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही कळत नाही. रिंकच्या लांब बाजूला नातीचे रेटे मी मोजू लागलो. सुरुवातीला सतरा होत. दीड महिन्यानं चौदा झाले, तीन महिन्यांनी अकरा, आणि घड्याळातली वेळ आधीपेक्षा थोडी कमीच. मुलं मैदानावर नेणाऱ्या आईवडिलांनी हे करून पाहावं. वेळ तीच आणि रेटे कमी, म्हणजे मूल शिकतंय. वेळ कमी झाली पण रेटे वाढले, तर ते फक्त दमतंय. आणखी एक बिनपैशाची परीक्षा आहे. मुलाच्या हेल्मेटकडे पाहा. मागच्या भिंतीच्या रेषेशी ताडून पाहिलं, तर ते डावी-उजवीकडे डुलावं, वर-खाली होऊ नये. हेल्मेट उड्या मारत असेल, तर दर रेट्याला मूल आपलंच वजन उचलतंय आणि ठेवतंय. ही हमाली फुकटची.

चाकांचं सांगायचं राहिलं. १९९० च्या दशकात शर्यतीच्या बुटाला ८० मिलिमीटरची पाच चाकं असत. पुढे १०० आणि ११० मिलिमीटरची चार आली, आणि आता काही मोठे स्पर्धक १२५ मिलिमीटरची तीनही वापरतात. मोठं चाक एकदा वेगात आलं की तो टिकवतं, खडबडीत रस्ता सहज ओलांडतं, हे खरं. पण ते जड असतं, त्याला वेगात आणायला जोर लागतो आणि माणूस जमिनीपासून उंच जातो. घोटा कच्चा असलेल्या मुलाला त्यावर उभं करणं म्हणजे सायकल नीट न येणाऱ्याच्या हाती मोटारसायकल देणं. दुकानदार हे सांगत नाही. त्यानं का सांगावं?

अशीच घाई मुलांना ‘डबल पुश’ची असते. टेक्सासच्या चॅड हेड्रिकनं १९९० च्या दशकात ही पद्धत गाजवली. त्याच्या आईवडिलांची स्वतःची रिंक होती, पोर चाकांवरच वाढलं. साध्या पद्धतीत टेकवलेला पाय काही काळ नुसता घरंगळतो, मग रेटा देतो. हेड्रिकनं तो रिकामा वेळही कामाला लावला. पाय बाहेरच्या कडेवर टेकवून तो आधी अंगाखाली आतल्या बाजूला ओढायचा, मग वळवून नेहमीसारखा बाहेर ढकलायचा. एका पावलात दोन रेटे. याच जोरावर त्यानं चाकांवरची जागतिक पदकं ढिगानं मिळवली. पुढे तो बर्फाकडे वळला आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरचं सुवर्ण जिंकला. आज ही चाल पाहून मुलं कंबर मुरडत तिची नक्कल करतात. पण बाहेरच्या कडेवर एका पायानं चार सेकंद स्थिर राहता येत नसेल, तर त्या नकलेत पहिला रेटा असतच नाही, फक्त मुरका असतो. सरांच्या वर्गात हा शब्द उच्चारायलाही बंदी होती, आणि ते मला पटलं.

वाकून राहण्याची किंमत काय असते, हे हांगझौमध्ये साऱ्या जगानं पाहिलं. करोनामुळे लांबलेल्या आशियाई स्पर्धांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांची ३००० मीटर रिले झाली. दक्षिण कोरियाचा जंग चोल-वोन पुढे होता. रेषेच्या अलीकडेच तो उठला, आणि जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात उंचावले. त्याच्या मागून आलेला तैवानचा ह्वांग यू-लिन खालीच होता, त्यानं एक पाय लांबवून रेषेपलीकडे टाकला. तैवान ४ मिनिटं ५.६९२ सेकंद, कोरिया ५.७०२. सेकंदाचा शंभरावा भाग. सुवर्णपदक मिळालं असतं, तर कोरियाच्या खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळू शकली असती. ती गेली. याच शर्यतीत तिसरा आला भारत. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे. त्याच दिवशी आपल्या मुलींनीही रिलेत कांस्य मिळवलं. गॅलरीत गाद्या वाळत घालाव्यात तशी ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यात आली आणि गेली.

त्या चौघांपैकी तमिळनाडूच्या आनंदकुमारनं सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदायहे इथे जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनचंही. वरिष्ठ गटात या खेळातलं भारताचं हे पहिलं जागतिक सुवर्ण. १००० मीटरला त्याला लागले १ मिनिट २४.९२४ सेकंद. मी कागदावर भागाकार करून पाहिला. ताशी ४२ किलोमीटरहून जास्त, आणि तेही दोन पायांवर. आमच्या भागात संध्याकाळी स्कूटरलाही हा वेग मिळत नाही. त्याच्या शर्यतीची चित्रफीत मी नातीला दाखवली. तिनं ती मोबाइलवर हळू करून तीनदा पाहिली, आणि मग म्हणाली, ‘आजोबा, यांचे पाय किती सावकाश हलतात!’

तीन महिन्यांनंतर ती एका छोट्या शर्यतीत उतरली आणि सातवी आली, तेरा जणींत. जावयांनी पेढे आणले. लेकीनं अभ्यासाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, तेही पाळलं जातंय, निदान आठवड्यातले चार दिवस. चाकं जुनीच आहेत. सध्या अडचण डाव्या पायाची आहे. उजव्या पायावर, बाहेरच्या कडेनं, ती नऊ सेकंद जाते. डाव्यावर चारच. रात्री दात घासताना ती आता डाव्या पायावर उभी असते, आणि बाहेरून तिची आई ओरडते, ‘अगं, बेसिनला टेकू नकोस!’