क्षमा नसलेले पाप

खून, व्यभिचार, चोरी, अगदी येशूला नाकारणेही क्षमेच्या कक्षेत येते. मग मार्कच्या शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात येशू ज्याला क्षमा नाही म्हणतो, ते पाप कोणते? पवित्र आत्म्याविरुद्धचे दुर्भाषण.

प्रसंग महत्त्वाचा आहे. येशू भुते काढत होता. यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांनी ते काम सैतानाच्या बळावर चालल्याचे ठरवले. डोळ्यांदेखत घडणाऱ्या चांगल्यालाच त्यांनी वाईटाचे नाव दिले. संत ऑगस्टीनने या पापाचा अर्थ शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा लावला. कॅथलिक चर्चची शिकवणही त्याच दिशेची: देवाच्या दयेला सीमा नाही, पण माणूस ती जाणूनबुजून झिडकारू शकतो.

या वचनाने कित्येक हळव्या मनांना छळले आहे. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा लेखक जॉन बन्यन तरुणपणी भांडी दुरुस्त करत असे. ख्रिस्ताला विकून टाक, हा विचार त्याच्या मनात सतत घुमे. एकदा तो त्या विचारापुढे नमला आणि आपल्याला आता क्षमा नाही, या भीतीने दीर्घकाळ होरपळला. ही यातना त्याने 1666च्या आत्मकथनात मांडली आहे.

अशा भयग्रस्ताला धर्मगुरू बहुधा एकच सांगतात: ज्याला हे पाप घडल्याची धास्ती वाटते, त्याचे मन अजून कठोर झालेले नाही.