पंचाचा निर्णय आणि कॅमेऱ्याचा डोळा

ता. ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यामध्यें फुटबॉलच्या जागतिक करंडकाचा अंतिम सामना चालू होता. नव्वद मिनिटांत दोन्ही पक्षांचे दोन दोन गोल झाल्यामुळें खेळ वाढवावा लागला होता. वाढीव खेळाच्या अकराव्या मिनिटाला इंग्लंडच्या जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांड्याला खालच्या अंगानें आपटला, सरळ खालीं येऊन जमिनीवर उसळला आणि मैदानांत परत आला. तो रेषेच्या पलीकडे पडला कीं रेषेवर? स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना खात्री वाटेना. ते धांवत रेषापंच तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. बहरामोव्ह हे सोव्हिएत संघांतील अझरबैजानचे. दोघांची भाषा एक नव्हती. बहरामोव्हांनीं मान हलवून गोल झाल्याचें सांगितलें आणि इंग्लंडनें तो सामना ४-२ असा जिंकला. जर्मन भाषेंत तेव्हांपासून अशा संशयित गोलाला ‘वेम्ब्ले गोल’ असेंच नांव पडलें आहे. तिकडे बाकू शहरांत मात्र एका मोठ्या स्टेडियमला बहरामोव्हांचें नांव देण्यांत आलें. रेषापंचाच्या नांवानें स्टेडियम ओळखलें जावें, हा मान विरळाच म्हणावा लागेल.

नियम तसा साधा आहे. संपूर्ण चेंडू, दोन खांबांच्या मधून व आडव्या दांड्याच्या खालून, संपूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे. त्याचा केसभर भागहि रेषेवर राहिला तर गोल नाहीं. नियमांत संदिग्धता मुळींच नाहीं. संदिग्धता आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांत. हा डोळा धांवणाऱ्या माणसाचा असतो, तो लांब असतो आणि त्याच्या आड दहा-बारा खेळाडू येत असतात.

पंच ही संस्था या खेळांत मूळची नव्हे. इंग्लंडांतील शाळा-कॉलेजांतून फुटबॉल रूढ झाला, तेव्हां तंटा उद्भवल्यास दोन्ही बाजूंचे कप्तान आपसांत तो मिटवीत. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून लबाडी करणार नाहीं, हें गृहीतच होतें. पुढें प्रत्येक बाजूचा एकेक अंपायर आला. त्या दोघांचें जमेना, म्हणून तिऱ्हाईत रेफरी आला. परंतु तोहि बिचारा मैदानाबाहेर उभा राहून विचारलें तरच सांगे. १८९१ सालीं त्याला मैदानाच्या मध्यभागीं आणलें आणि दोघा अंपायरांना रेषेवर पाठविलें. पेनल्टी किकचा नियमहि त्याच वर्षींचा. १८८५ पासून इंग्लंडांत धंदेवाईक खेळाला मान्यता मिळाली होती. खेळांत पैसा आला होता, आणि केवळ सद्गृहस्थपणावर विसंबून चालण्यासारखें राहिलें नव्हतें. तेव्हांपासून ‘पंचांमुखीं परमेश्वर’ हीच या खेळाची रीत झाली. पंच चुकला तरी त्याचा शब्द शेवटचा. हें अन्यायाचें वाटेल, परंतु त्यावांचून गत्यंतर नव्हतें, कारण झालेली घटना पुन्हा पाहण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें.

दूरचित्रवाणीनें हें चित्र पालटलें. ता. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरीं अर्जेंटिनाच्या दिएगो मॅराडोनानें इंग्लंडविरुद्ध उंच उडी मारून डाव्या हातानें चेंडू गोलांत लोटला. ट्युनिसियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाहीं. ता. १८ नोव्हेंबर २००९ रोजीं पॅरिसजवळ फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीनें चेंडू हातानें अडवून सहकाऱ्याकडे दिला. त्यावर गोल झाला आणि आयर्लंडचा संघ पुढील वर्षाच्या जागतिक स्पर्धेस मुकला. चेंडू हाताला लागला होता, हें सामन्यानंतर ऑन्रीनेंहि मान्य केलें. या दोन्ही वेळीं घरोघर बसलेल्या लोकांपुढें तो हात पुन्हा पुन्हा, सावकाश गतीनें दाखविला जात होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें म्हणण्यासारखी ती स्थिति. परंतु लक्षावधि लोकांना जें दिसतें तें न्याय करणाऱ्या एकट्यालाच दिसूं नये, असा हा विलक्षण न्याय होता. पंचाची चूक पूर्वींहि होतच असे. ती चूक आहे हें सर्वांना त्याच क्षणीं ठाऊक असणें, ही गोष्ट मात्र नवी होती.

कळस झाला तो २०१० च्या जून महिन्यांत नव्हे, तर जर्मनांच्या दृष्टीनें वेम्ब्लेचा हिशेबच त्या महिन्यांत पुरा झाला असें म्हणावें. ता. २७ जून २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें पुन्हा इंग्लंड आणि जर्मनी समोरासमोर आले. जर्मनी २-१ नें पुढें असतां इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू दांड्याला लागून रेषेच्या चांगलाच आंत पडला व बाहेर आला. पंचांनीं गोल दिला नाहीं. जर्मनी ४-१ नें जिंकली. खेळाचे नियम ठरविणारें आंतरराष्ट्रीय मंडळ तोंपर्यंत यंत्राला दारांत उभें करीत नव्हतें. जुलै २०१२ मध्यें त्यानें गोलरेषेपुरती यंत्राची साक्ष मान्य केली. प्रत्येक गोलावर अनेक कॅमेरे रोखलेले असतात, गणकयंत्र चेंडूची जागा काढतें, आणि चेंडू पूर्ण पलीकडे जातांच एका सेकंदाच्या आंत पंचाच्या मनगटावरील घड्याळांत खूण उमटते. जागतिक करंडकाच्या स्पर्धेंत हें यंत्र प्रथम २०१४ सालीं ब्राझीलमध्यें वापरलें गेलें.

हेंहि यंत्र सर्वथा अचूक ठरलें असें नाहीं. ता. १७ जून २०२० रोजीं, कोरोनाच्या सांथीनें बंद पडलेले इंग्लंडांतील सामने पुन्हा सुरू झाले, त्या पहिल्याच सामन्यांत ॲस्टन व्हिला संघाचा गोलरक्षक चेंडू हातांत धरून रेषेपलीकडे गेला. गोलरक्षक, एक खेळाडू आणि गोलाचा खांब यांनीं मिळून सातहि कॅमेऱ्यांची दृष्टि अडविली होती. घड्याळ गप्प राहिलें, म्हणून पंचहि गप्प राहिले. यंत्राच्या कंपनीनें मागाहून क्षमा मागितली, परंतु ०-० ही बरोबरी कायम राहिली. त्या मोसमाच्या अखेरीस ॲस्टन व्हिला अवघ्या एका गुणानें वरच्या श्रेणींत टिकला.

तरीहि गोलरेषेचा वाद बहुतांशीं मिटला, कारण तेथें प्रश्न केवळ मोजमापाचा आहे. व्हिडिओ-पंचाची पद्धति आली तेव्हां प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. श्रोत्यांपैकीं ज्यांना क्रिकेटची आवड आहे, त्यांना तिसऱ्या पंचाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९९२ च्या नोव्हेंबरांत डर्बन येथें मुंबईच्या सचिन तेंडुलकरला धावबाद ठरविण्यांत आलें, तो अशा पंचाच्या निकालानें बाद झालेला पहिला फलंदाज. परंतु क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो. त्या उसंतींत चित्र पाहून घेतां येतें. फुटबॉल वाहत्या पाण्यासारखा आहे. तपासणी करावयाची तर प्रवाह अडवावा लागतो, न अडवावा तर पाणी पुढें निघून जातें. पुढील सर्व अडचणींचें मूळ येथें आहे.

या पद्धतीचे प्रयोग २०१६ मध्यें संमत झाले आणि ता. ३ मार्च २०१८ रोजीं झुरिक येथें ती नियमांत दाखल झाली. मैदानापासून दूर एका खोलींत बसलेला व्हिडिओ-पंच सर्व कॅमेऱ्यांचीं चित्रें पाहतो आणि पंचाच्या कानांतील यंत्रांतून त्याच्याशीं बोलतो. मूळ नियमाप्रमाणें त्याचा अधिकार चार गोष्टींपुरता ठेवला होता: गोल, पेनल्टी, सरळ दाखविलेलें लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा. तेथेंहि मैदानावरील निर्णय उघड उघड चुकीचा असेल तरच त्यानें बोलावें. वरिष्ठ न्यायालय ज्याप्रमाणें केवळ आपलें मत निराळें आहे एवढ्यावरून खालचा निकाल फिरवीत नाहीं, तसाच हा दंडक. पंचानें आधीं स्वतः निर्णय दिलाच पाहिजे, आणि अखेरचा शब्दहि त्याचाच.

परंतु चित्र पाहिलें म्हणजे निकाल लागला, असें होत नाहीं. ता. १५ जुलै २०१८ रोजीं मॉस्को येथील अंतिम सामन्यांत क्रोएशियाच्या इव्हान पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनीं प्रथम कांहींच दिलें नव्हतें. ते मैदानाकडेच्या पडद्यापाशीं गेले, चित्र पाहिलें आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. फ्रान्सनें तो सामना ४-२ असा जिंकला. चेंडू हाताला लागला याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. हात चेंडूकडे गेला कीं चेंडू हातावर आला, हा वाद होता, आणि तो चित्र पाहिल्यावरहि जसाच्या तसा राहिला. चित्र घटना दाखवितें. तिचा अर्थ लावीत नाहीं. उलट सावकाश गतीचें चित्र कधीं कधीं फसवितेंहि, कारण अर्ध्या सेकंदांत अजाणतां घडलेली हालचाल पांच सेकंदांवर ताणली कीं ती बुद्ध्याच केल्यासारखी दिसते. म्हणूनच धक्का कोठें लागला हें ठरवितांना सावकाश चित्र पाहावें, पण तो किती जोराचा होता किंवा हाताचा खेळ दंडनीय होता कीं नाहीं हें ठरवितांना नेहमींच्या गतीचें चित्र पाहावें, असें नियमकारांनीं सांगून ठेविलें आहे. ही सूचना फार शहाणपणाची आहे. ती नेहमीं पाळली जाते असें मात्र प्रेक्षकांना वाटत नाहीं.

ऑफसाइडचा प्रश्न पुन्हा मोजमापाचा दिसतो, पण तेथेंहि एक गोम आहे. सहकाऱ्यानें चेंडू मारला त्या क्षणीं पुढचा खेळाडू, चेंडू आणि विरुद्ध पक्षाचा शेवटून दुसरा गडी या दोहोंच्याहि पुढें असतां कामा नये. आतां कॅमेरा सेकंदाला ५० चित्रें घेतो असें धरूं. सेकंदाला आठ मीटर धांवणारा खेळाडू एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सोळा सेंटिमीटर सरकतो. मग दोन बोटांच्या अंतरावरून ऑफसाइड ठरविणें कितपत विश्वसनीय? या हिशेबाला उत्तर म्हणून २०२२ च्या कतारमधील जागतिक स्पर्धेंत छपराखालीं बारा खास कॅमेरे बसविले. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदु सेकंदाला ५० वेळां टिपीत, आणि चेंडूंत बसविलेलें यंत्र सेकंदाला ५०० वेळां खूण देई. त्यामुळें चेंडू मारल्याचा क्षण पुष्कळच नेमका कळूं लागला.

या साऱ्याची किंमत प्रेक्षकांनीं भरली आहे. ता. १७ एप्रिल २०१९ रोजीं युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्यें मँचेस्टर सिटीच्या रहीम स्टर्लिंगनें टॉटनहॅमविरुद्ध अगदीं शेवटच्या क्षणीं गोल केला; सारें स्टेडियम नाचूं लागलें, आणि थोड्याच वेळांत ऑफसाइड म्हणून तो रद्द झाला. निर्णय बरोबर होता. परंतु तेव्हांपासून गोल झाला तरी मोकळेपणानें ओरडावें कीं थांबावें, हें प्रेक्षकाला कळेनासें झालें आहे. याच्याहि आधीं, एप्रिल २०१८ मध्यें, जर्मनींतील माइन्त्स येथें मध्यंतराची शिट्टी होऊन खेळाडू आंत गेल्यावर पंचांनीं त्यांना परत बोलावून पेनल्टी घेवविली. वरातीमागून आलेलें हें घोडें नियमांत बसत होतें, कारण खेळ अजून पुन्हा सुरू झालेला नव्हता.

खेळ पुन्हा सुरू झाला असता तर काय, याचें उत्तर ता. ३० सप्टेंबर २०२३ रोजीं लंडनमध्यें मिळालें. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझनें गोल केला. रेषापंचानें ऑफसाइडचें निशाण वर केलें. व्हिडिओ-पंचानें तपासलें, तेव्हां डियाझ ऑफसाइड नव्हता. परंतु मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशी त्याची चुकीची समजूत होती. म्हणून त्यानें ‘तपासणी पूर्ण’ एवढेंच कळविलें. पंचांनीं त्याचा अर्थ साहजिकच ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला आणि खेळ सुरू केला. खोलींतील मंडळींना घोटाळा कांहीं सेकंदांतच उमगला; खेळ थांबवा, असेंहि तेथें एकानें सुचविलें. पण खेळ पुढें गेल्यावर मागें जाण्याची मुभा नियमांत नव्हती, आणि व्हिडिओ-पंचानें नियम पाळला. यंत्रानें सत्य दाखविलें होतें, माणसानें तें ओळखलेंहि होतें. एकाचें म्हणणें दुसऱ्याला नीट कळलें नाहीं, एवढेंच. टॉटनहॅमनें तो सामना २-१ असा जिंकला. पंचमंडळानें चूक कबूल केली आणि कांहीं दिवसांनीं त्या खोलींतील संभाषण सर्वांना ऐकविलें. पुढें दंडक झाला कीं, व्हिडिओ-पंचानें निष्कर्ष आधीं आपल्या सहायकाकडून पडताळून घ्यावा, आणि मगच मैदानावर कळवावा.

पुढच्या वर्षीं, ता. ६ जून २०२४ रोजीं, ही पद्धतच बंद करावी असा ठराव वुल्व्हरहॅम्प्टन क्लबनें प्रीमियर लीगच्या सभेंत मांडला. वीस मतांपैकीं एकोणीस मतें ठरावाविरुद्ध पडलीं. त्यांत लिव्हरपूलचेंहि मत होतें.