चांगला ब्रेक पॅड, पण कशासाठी चांगला?

मागच्या वेळी आपल्यातल्या एका तरुणाने विचारलं, "सर, रोज महाळुंग्याहून मंचरला गाडीने जातो. ब्रेक पॅड संपलेत. सगळ्यात चांगले कोणते?" काहीजण हसले. मला मात्र प्रश्न तत्त्वज्ञानाचाच वाटला. ॲरिस्टॉटलचं सांगणं असं, की वस्तूचं चांगलेपण तिच्या कामावरून ठरतं. तेव्हा आधी काम बघू.

धावत्या गाडीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलायची, हे पॅडचं काम. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 40 ऐवजी 80 किलोमीटरने गेलात, तर ती दुप्पट नव्हे, चौपट होते.

आता प्रकार. ऑरगॅनिक पॅड आवाज कमी करतात, डिस्क जपतात, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा अंश जास्त. ते उष्णता सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क अधिक खातात. सिरॅमिक शांत, काळी धूळ कमी, किंमत जास्त. आणि शर्यतीचे पॅड? ते तापल्यावरच नीट धरतात. थंडीच्या सकाळी गल्लीत पोर आडवं आलं, तर तिथे ते उपयोगाचे नाहीत. म्हणजे 'सगळ्यात भारी' तो तुमच्यासाठी चांगला असेलच असं नाही. रोजच्या गाडीला कंपनीने सुचवलेल्या दर्जाचाच पॅड घ्या, खात्रीच्या दुकानातून, पक्क्या बिलासह.

माझी चूक सांगतो. स्वस्त मिळाले म्हणून, खोक्यावर धड नावही नसलेले पॅड मी एकदा बसवले. नातवंडांना घेऊन माळशेज घाट उतरत होतो. गाडी वरच्या गिअरात, पाय सतत ब्रेकवर. मध्येच जळका वास आला. पेडल कडक लागत होतं, पण गाडी आवरेना. एकेक गिअर खाली घेत कशीबशी कडेला लावली. पॅड वाईट होते, हे खरं. पण उतारावर इंजिनाकडून काम करून न घेणारा मीही शहाणा नव्हतो.

म्हणून एवढं पाळा. पॅडचा थर साधारण 3 मिलिमीटरवर आला की बदला. एका बाजूचा कधीच नको. दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. असं ऑइल तापून उकळलं, की पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदला. नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर बेताने वेग कमी करत पॅड डिस्कवर बसू द्या.

शेवटी एक. हुतात्मा बाबू गेनू आपल्याच गावचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. ती घटना आठवली की वाटतं, पॅड कितीही चांगला असो, तो पाय दाबल्यावरच काम करतो. समोर माणूस आहे, आपण थांबायचं, हे आधी चालकाने ठरवावं लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.