हात लागला म्हणजे काय?

मुंबईतल्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलमध्ये घड्याळाची बटणं आणि कुणाचा तरी खोकला, एवढेच आवाज असतात. एका टेबलावर मात्र बोलणं चालू आहे. 'ईव्हा फोर.' समोरचा तेच पुन्हा म्हणतो, सोंगटी हलवतो, विचार करतो. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दोनदा वैतागून बघतो. त्याला कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं होतं.

एक खेळाडू पूर्ण अंध, दुसरा डोळस. डाव एकच, पट दोन. अंध खेळाडूचा पट छोटा. त्यातली काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला त्यात बसणारी खुंटी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीकशी टाचणी, पांढऱ्या गुळगुळीत. चाल दोघांनी आपापल्या पटावर करायची आणि मोठ्याने सांगायची. बी आणि डी ऐकताना घोटाळा होतो, म्हणून उभ्या पट्ट्यांना नावं आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर.

मला सगळ्यात आवडला तो स्पर्शाचा नियम. बुद्धिबळात सोंगटीला हात लागला की ती चालवावीच लागते. हा नियम जसाच्या तसा लावला तर अंध माणसाला पट बघताच येणार नाही, कारण तो बघतो बोटांनी. म्हणून त्याच्या बाबतीत सोंगटी भोकातून उपसली, तरच हात लागला असं धरतात. त्यामुळे बोटं मोकळी फिरतात. वजिराकडून हत्तीकडे, तिथून प्रतिस्पर्ध्याच्या राजासमोरच्या प्याद्यांवर, परत मागे. डावा हात एका उंटावर नुसता टेकलेला. समोरच्याला हे सगळं दिसतं, आणि विचार कुठे चाललाय याचा अंदाजही येत असणार. पण त्या उंटाचं काही झालंच नाही. चाल झाली घोड्याची.

सांगताना जीभ घसरली, तर समोरच्याचं घड्याळ सुरू होण्याआधी ती दुरुस्त करावी लागते. दोन पटांवरची स्थिती वेगळी निघाली तर पंच दोघांच्या नोंदी तपासतात. अंध खेळाडूची नोंद ब्रेलमध्ये किंवा रेकॉर्डरवर असते. वेळ कळण्यासाठी बोलणारं घड्याळ, कानात इअरफोन. यात दयेचा भाग कुठेच नाही. अंध बुद्धिबळपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना 1951 पासून आहे, पहिलं ऑलिंपियाड 1961 मध्ये जर्मनीत झालं. आपल्याकडे मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी अंधांच्या बुद्धिबळाची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि वडोदऱ्याच्या दर्पण इनानीने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं.

पटावरचं सगळं असं बारकाईने ठरलेलं. पटाबाहेर मात्र आनंद आहे. पुढच्या फेरीत कोण कुणाशी खेळणार याचा कागद भिंतीवर चिकटवलेला, भोवती पालकांची झुंबड. व्हॉट्सॲपवर त्याच कागदाचा फोटो, जो फोनमधलं वाचक-सॉफ्टवेअर नीट वाचत नाही. तीच यादी टाइप केलेल्या मजकुरात पाठवली असती तर अंध खेळाडूने ती स्वतः ऐकली असती. आता तो कुणाला तरी विचारणार, मग कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून खुर्च्या, दप्तरं आणि चार्जरच्या वायरींमधून नवं टेबल शोधणार. काही आयोजक अंध खेळाडूचं टेबल सगळ्या फेऱ्यांसाठी एकच ठेवतात, दाराजवळचं. प्रतिस्पर्धी तिथे येतो. इथे तसं नव्हतं. फेरी सुरू झाल्याची घोषणा झाली तेव्हा तो अजून रांगांच्या मध्ये होता आणि त्याचं घड्याळ चालू झालं होतं.