न छेडलेला गंधार

रात्रीची भांडी आवरून झाली की मी मोठा दिवा मालवते आणि तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावते. गाणं नाही, नुसता तानपुरा. सुरुवातीला चारही तारा वेगवेगळ्या ओळखू येतात: पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. मग त्या एकमेकींत विरघळतात आणि वर कुठेतरी एक निराळाच स्वर तरंगू लागतो. गंधार! तो तर कुठल्याच तारेवर लावलेला नाही. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. इतकी वर्षं ऐकतेय, तरी तो उमटला की अंगावर काटा येतो.

हा येतो कुठून? कुठलीही तार एकाच वेळी अनेक स्वरांत थरथरते. खर्जाच्या तारेची कंपनं सेकंदाला १०० धरली, तर तिच्याच पोटात २००, ३००, ४००, ५०० कंपनंही असतात. २०० आणि ४०० हे वरचे षड्ज, ३०० हा पंचम आणि ५०० हा गंधार. एरवी हे उपस्वर दबलेले राहतात. तानपुऱ्याची घोडी मात्र रुंद, किंचित बाक असलेली असते आणि तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवलेला असतो. थरथरणारी तार त्या घोडीला पुन्हा पुन्हा निसटती शिवते आणि दबलेले उपस्वर उजळून निघतात. हीच जवारी. धागा केसभर हलला तरी तार मुकी होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर ती नेमकी जागा कानानेच शोधतात.

भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने चकित केलं होतं. तार जिथे छेडली, तिथेच एखाद्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल तर तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. तानपुऱ्यात तो खुशाल उमटतो, हे त्यांनी १९२१ साली मांडलं.

रात्री मन निवायला नुसता तानपुरा का लागू पडतो, याचं माझं उत्तर साधं आहे. इथे ताल नाही, त्यामुळे समेची वाट पाहणं नाही. आणि तरीही एक आवर्तन दुसऱ्यासारखं हुबेहूब नसतं, म्हणून कान कंटाळत नाही.

इंग्लंडचा संगीतकार ब्रायन ईनो याला अशा ऐकण्याची गोडी अपघाताने लागली, अगदी शब्दशः. जायबंदी होऊन तो अंथरुणाला खिळला होता. हार्पची तबकडी फार हळू आवाजात वाजत होती आणि उठून आवाज वाढवण्याचं त्राण नव्हतं. सूर पावसाच्या आवाजात मिसळत गेले. त्यातून १९७५ मध्ये ‘डिस्क्रीट म्युझिक’ आलं आणि पुढे ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’.

मीही आवाज तेवढाच ठेवते, पंख्याच्या घरघरीइतका. कान देऊन शोधलं तर गंधार हाती लागत नाही. उशी सारखी करताना, उद्याच्या डब्याचा विचार मध्येच तुटतो तेव्हा, तो आलेला असतो.