पंखाचा सांधा

खडकवासल्याच्या जलाशयाकांठीं सहकुटुंब बसलें असतां प्रबोधिनीचें एखादें हलकें विमान डोक्यावरून जातें, आणि घरांतील चिरंजीव विचारतात, "असें विमान आपल्यास घरीं करतां येईल काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधिलें; २०१६ सालीं तें प्रदर्शनांत मांडलें गेलें आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदही झाली.

परंतु उत्साहाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. हवेंत विमानाचें वजन पंख तोलतात, आणि पंख व धड यांना जोडून ठेवतात त्या मुळाशीं असलेल्या थोड्या पट्ट्या आणि बोल्ट. पंख वांकविणारा जोर तेथेंच सर्वांत अधिक. साठ अंश कलून, उंची न सोडतां वळण घेतलें कीं ५०० किलोच्या विमानाचा भार पंखांवर १००० किलो पडतो. म्हणून लहान विमानाचा सांगाडा वजनाच्या ३.८ पट भारासाठीं आंखून त्यावर दीडपट, म्हणजे ५.७ पटींपर्यंत, बळ ठेवण्याची रीत आहे. ज्या सांध्याचें बळ प्रत्यक्ष भार घालून सिद्ध केलेलें नाहीं, त्यासाठीं हिशेबांत आणखी १५ टक्के धरावे, असा दंडक अमेरिकेच्या नियमांत अनेक वर्षें होता.

सांधा घरीं केला म्हणून वाईट ठरत नाहीं. पारखला नाहीं म्हणून घातक ठरतो. पोलाद कोणत्या जातीचें तें ठाऊक नसणें, भोंक सैल किंवा कांठाजवळ पडणें, वेल्डिंगच्या आंचेनें धातु ठिसूळ होणें, हे दोष रंगाखालीं झांकले जातात. पहिल्या उड्डाणांत कांहीं होत नाहीं. पुन्हां पुन्हां ताण बसून केसाएवढी चीर वाढत राहते.

खडकवासल्यास हें निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं वरचें पानशेत धरण फुटलें आणि त्या लोंढ्यानें येथील भिंतही फोडिली. त्या अनर्थाचा आरंभ झाला तो पाणी सोडण्याच्या अपुऱ्या मोरीपाशीं!

तेव्हां चिरंजीवांस 'नको' म्हणूं नये. दाखल्याचें पोलाद आणून द्यावें, जाणत्या अभियंत्याकडून हिशेब तपासून घ्यावा, पंख उलटा टांगून त्यावर वाळूचीं पोतीं रचावीं. सांधे मात्र एकाऐवजीं दोन करावयास सांगावे: एक विमानासाठीं आणि एक जमिनीवरच मोडून पाहण्यासाठीं.