हिरवळ आणि पातें

छत्रपती संभाजीनगरांतील क्रांती चौक म्हटला म्हणजे वाहनांची वर्दळ व धूळ हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. जुन्या मंडळींच्या तोंडीं या जागेचें नांव काळा चबुतरा. १८५७ च्या उठावांतील शिपायांस येथेंच देहदंड देण्यांत आला. त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर आमच्या घरापुढें वीस हात लांबीचा हिरवळीचा एक तुकडा आहे. सायंकाळीं घरांतील लहानथोर मंडळी तेथें बसते. तो राखण्याचें काम सेवानिवृत्तीपासून आमच्याकडे आलें असल्यामुळें त्याविषयींचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट एड्विन बडिंग या इंग्रज कारागिरास १८३० सालीं मिळालें. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. हातानें ढकलावयाच्या यंत्राची रचना आजहि मूलतः तीच आहे. फिरतीं वांकडीं पातीं गवत ओढून खालच्या स्थिर पात्यावर आणतात आणि कात्रीप्रमाणें कातरतात. म्हणून या दोन पात्यांची जवळीक हेंच सर्व कामाचें मर्म होय. तिची परीक्षा सोपी आहे. पात्यांमध्यें कागदाची पट्टी सांभाळून धरावी व रूळ सावकाश फिरवावा. पट्टी सर्वत्र स्वच्छ कापली गेली तर ठीक, चुरगळली तर दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडथोडे आंवळावे.

काम संपतांच गवत ब्रशानें झाडावें, पातीं कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यांत एका रात्रींतहि गंज धरतो. एका वेळीं उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक गवत कापूं नये. उन्हाळ्यांत तें किंचित् उंच राखावें, म्हणजे मुळांशीं ओल टिकते.

आणि ओलें गवत कधींहि कापूं नये. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत आम्हीं ती घाई केली. गवताचा गोळा अडकून यंत्र थांबलें. नातू तो काढावयास वांकला, तेव्हां त्यास बाजूस सारून आम्हींच हात घातला. गोळा निघतांच अडून राहिलेला रूळ एकदम फिरला आणि तर्जनीस पांच टांके पडले. तेथें त्या पोराचें कोंवळें बोट असतें तर? हा विचार मनांत आला कीं अजूनहि अंगावर कांटा येतो. तेव्हांपासून आमच्या घरीं नियमच आहे: अडकलेलें गवत काठीनेंच काढावयाचें, विजेचें यंत्र असल्यास प्रथम प्लग काढावयाचा, आणि यंत्र चालू असतां मुलांनीं ओट्याखालीं उतरावयाचें नाहीं. खडे आधीं वेंचावेत हें निराळें सांगणें नको.

एक तक्रार मात्र उरली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचें यंत्र आल्यापासून गणपतीला दूर्वा विकत आणाव्या लागतात!" गोष्ट खरी होती. हिरवळीची हरळी हीच दूर्वा. संस्कृतांत तिला शतपर्विका, म्हणजे शंभर पेरांची, असें सार्थ नांव आहे. पेरापेराशीं मूळ धरीत असल्यामुळें ती कातरली तरी पसरतेच. परंतु सतत कातरलेल्या हिरवळींत जुडीजोगे अंकुर मिळावयाचे कोठून? आतां कुंपणालगतची हातभर पट्टी आम्ही कापीत नाहीं. नातू तेथें दूर्वा खुडतो, आणि यंत्र ओट्यावर तेल लावून निजलेलें असतें.